नऊ वॅट

माझ्या सासऱ्यांना आमच्या इमारतीत 'नऊ वॅट' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण जिन्यात मुलं म्हणतात, पेपरवाला म्हणतो, आणि एकदा रागाच्या भरात मीही म्हटलं होतं, तेही नेमके ते मागे उभे असताना. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. "जिन्यातला सातचा आहे," एवढंच म्हणाले आणि पुढे गेले.

चौतीस वर्षं त्यांनी वीज कंपनीत मीटर वाचण्याचं काम केलं. लोकांच्या जिन्यांखाली, दुकानांच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांआड वाकून, बॅटरी मारून आकडे टिपले. दोनदा कुत्रा चावला. एकदा एका बाईनं चोर समजून वरून बादलीभर पाणी ओतलं. एवढ्या वर्षांत त्यांना माणसं फारशी कळली असं मला वाटत नाही, पण माणसं वीज कशी उधळतात हे मात्र तोंडपाठ झालं. निवृत्त झाले त्या संध्याकाळी हातातला पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला, चहा घेतला, आणि आमचाच मीटर वाचायला खाली गेले. त्या दिवसापासून ते कामावरून सुटले आणि आम्ही कामाला लागलो.

आधी स्वयंपाकघरातला दिवा बदलला, मग न्हाणीघरातला, मग पुढच्या खोलीतली जुनी गुरगुरणारी ट्यूब गेली. दर महिन्याला एक नऊ वॅटचा एलईडी बल्ब खोक्यातून बाहेर यायचा आणि आम्ही सगळ्यांनी खाली उभं राहून वर बघायचं. "बघा, उजेड तेवढाच, खर्च किती?" असं ते विचारायचे. उत्तर कोणी द्यायचं नसायचं, कारण ते त्यांना स्वतःला द्यायचं असायचं. बिल कमी आलं, हे मी नाकारत नाही. पहिल्या वर्षीच इतकं कमी आलं की त्या पैशांत पंखा दुरुस्त झाला आणि माझ्या नवऱ्याचे बूट आले. माणूस बरोबर होता. बरोबर असलेल्या माणसाबरोबर एका घरात राहणं किती अवघड असतं, हे मात्र मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

दिवसा त्यांची जागा म्हणजे पुढच्या खोलीची खिडकी. गॅलरी सोडली तर आमच्या घरात धड उजेड येतो तो तिथूनच. बाकी सगळीकडे समोरच्या इमारतीची भिंत. खिडकीपाशी त्यांची हाताची खुर्ची, शेजारी स्टुलावर सुटे होल्डर, स्क्रूड्रायव्हर, बिघडलेली बटणं. तिथे बसून पेपर वाचायचा आणि मान वर करून समोरच्या जिन्यातला दिवा बघायचा. तो दिवा भर दुपारीही चालू असतो. त्यावरून त्यांच्या अंगाचा रोज नव्यानं तिळपापड व्हायचा. "चालू आहे," ते ओरडून सांगायचे. "असू दे," मी आतून म्हणायचे. बारा वर्षांत या संवादात एका शब्दाचा फरक पडला नाही.

आता माझं. मी रफू करते. कोटाला कसर लागली, शालीला सिगारेटचं भोक पडलं, पँट खिळ्यात अडकून फाटली, की कापडाच्याच विणीप्रमाणे उभा-आडवा धागा घालून ते भोक नाहीसं करायचं. माझी आईही हेच करायची. रफू दिसलं तर ते रफू नव्हे, असं ती म्हणायची. कोपऱ्यावरचे लाँड्रीवाले आठवड्याला एक गठ्ठा देतात आणि घेऊन जातात. दिवसभर घरकाम, मुलीची शाळा, बाजारहाट. त्यामुळे माझं काम सुरू होतं संध्याकाळी, मागच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर. त्या टेबलावर छतापासून खाली सोडलेली पत्र्याची खोल शेड आणि शेडमध्ये जुना, तारेचा, शंभर वॅटचा पिवळा बल्ब.

घरातला तो शेवटचा जुना बल्ब. सासऱ्यांच्या डोळ्यांत तो किती सलत होता हे सांगायला नकोच.

"ती शेगडी आहे," ते म्हणायचे. "नव्वद टक्के वीज नुसती तापण्यात जाते. उजेड दहा टक्के. तू रोज संध्याकाळी शेगडी पेटवून तिच्याखाली डोकं ठेवतेस."

"बाबा, मला त्या उजेडात रंग कळतो."

"रंग तर या उजेडातही तोच असतो. दिवा बदलला म्हणून कापडाचा रंग बदलतो का?"

यावर मला नीट बोलता यायचं नाही, कारण मला ते फक्त हातानं माहीत होतं. निळा आणि काळा त्या पिवळ्या बल्बखाली सारखे दिसतात, म्हणून गडद निळ्या कोटाचा धागा मी सकाळी गॅलरीत नेऊन जुळवायचे. पण तांबडा, मरून, विटकरी, तपकिरी हे सगळं घराणं त्या बल्बखाली इतकं स्वच्छ उलगडायचं की तिथे मला दिवसाच्या उजेडाची गरजच पडायची नाही. तेरा वर्षांत एकही तांबडा रंग चुकला नव्हता. हे सगळं त्यांना समजावून सांगायचं म्हणजे तेवढ्या वेळात दोन पँटी होतात. मी एवढंच म्हणाले, "माझ्या टेबलाला हात लावायचा नाही. बाकी सगळ्या घरात काय हवं ते करा."

नवऱ्यानं नेहमीप्रमाणे दोघांकडे बघून मान हलवली. त्याची मान कोणाच्या बाजूनं हलते ते लग्नाला सतरा वर्षं झाली तरी मला समजलेलं नाही.

जुने बल्ब दुकानांतून नाहीसे व्हायला लागले तेव्हा मी चार आणून ठेवले होते. तीन गेले. चौथा लावला तेव्हा सासरे शिडीखाली उभे होते. "हा गेला की?" त्यांनी विचारलं. "हा गेला की बघू," मी म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो विषय सोडून दिला. महिनाभर ब्र काढला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. हा माणूस विषय सोडणाऱ्यातला नाही.

उन्हं तापायला लागली त्या सुमाराला माझं काम बिघडायला लागलं.

आधी एक तपकिरी पँट परत आली. "ताई, जरा दिसतंय," लाँड्रीवाले म्हणाले. मी बघितलं, खरंच जरा दिसत होतं. माझा हात हलला असेल म्हणून उसवून पुन्हा केलं. मग एका विटकरी शालीचा कोपरा. तोही पुन्हा केला, पण तेव्हा मनात काहीतरी खुपलं. आणि मग आला मुख्याध्यापिकाबाईंचा मरून कोट. उंची लोकरीचा, कोपरावर बोटाएवढं भोक. साधारणपणे मी आतल्या शिवणीच्या दाबातून त्याच कापडाचे धागे ओढून घेते, म्हणजे रंगाचा प्रश्नच येत नाही. पण हा कोट कधीतरी शिंप्याकडून सैल करून घेतलेला होता, आत दाब म्हणून उरलाच नव्हता. डब्यातून धागा जुळवावा लागला. मी बल्बखाली अकरा धागे कोटावर ठेवून बघितले, दोन निवडले, एक नक्की केला आणि चार संध्याकाळी खपून काम केलं. ते संपल्यावर मला स्वतःलाच ती जागा सापडेना. खूप दिवसांनी मी स्वतःवर खूश झाले.

बाईंनी कोट दुकानाच्या दारात उन्हात धरला आणि भर गिऱ्हाइकांत विचारलं, "हे ठिगळ कोणी लावलं?"

लाँड्रीवाल्यांनी मला बोलावून कोट दाखवला. मरून कोपरावर चक्क तपकिरी डाग. आंधळ्यालाही दिसावा असा.  रफूवालीला तिच्या कामाला ठिगळ म्हणणं म्हणजे काय, हे त्या बाईंना माहीत नसेल. मला आईची आठवण झाली. पन्नाशीच्या आसपास आईचे रंग गेले होते. नजर होती, सुईत धागा ओवता यायचा, पण रंग मळकट दिसायला लागले. दोन धागे हातात धरून ती मला हाक मारायची, "यातला लाल कोणता गं?" मी खेळता खेळता सांगायचे आणि पळायचे. एक दिवस तिनं हाक मारणं बंद केलं आणि डबा शेजारच्या बाईला देऊन टाकला. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आता मी चव्वेचाळीस वर्षांची आहे.

लाँड्रीवाले भले आहेत. "थोडे दिवस डोळ्यांना विश्रांती द्या, ताई," म्हणाले. पुढच्या आठवड्यात गठ्ठा आला नाही. तो बाजारापलीकडच्या एका शिंप्याकडे गेला, हे मला त्यांच्या बायकोकडून समजलं.

मी चष्मेवाल्याकडे गेले. त्यानं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. "ताई, तुमचे रंग अगदी व्यवस्थित आहेत. नंबर थोडासा हलला आहे, एवढंच." मी म्हणाले, "नीट बघा." त्यानं पुन्हा बघितलं आणि पुन्हा तेच सांगितलं. माझा विश्वास बसेना. उन्हात दिसणारा डाग घरी दिसत नाही, मग डोळे कसले व्यवस्थित? मी हट्टानं सगळ्यात भारी काचेचा चष्मा करून घेतला. घरी येऊन बल्बखाली तोच तपकिरी धागा एका मरून चिंधीवर ठेवला. अजूनही जुळत होता. त्या दिवशी जेवताना मी सगळ्यांना सांगून टाकलं की माझेही रंग आईसारखे चाललेत, आणि हे काम आता मी सोडणार.

मुलगी रडवेली झाली. नवऱ्यानं मान हलवली. सासरे ताटाकडे बघत होते. ते म्हणाले, "एकदम असा निर्णय घेऊ नये." मग पाणी प्यायले, आणि उठताना स्वयंपाकघरातला दिवा बंद करून गेले. मी अंधारात भांडी आवरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेबल आवरायला घेतलं. धाग्यांच्या लडी डब्यात भरल्या, सुया पुसून कागदात गुंडाळल्या. दिवा दोन तासांपासून चालू होता. शेडवर धूळ होती, म्हणून ओलं फडकं घेऊन आतून पुसायला लागले. बल्ब चालू असताना असं करू नये हे मला कळतं, पण त्या दिवशी कशाचीच फिकीर नव्हती. फडकं निसटलं आणि माझं बोट थेट बल्बवर टेकलं.

मी ओरडले. आधी ओरडले आणि मग लक्षात आलं की भाजलंच नाही.

शंभर वॅटचा बल्ब दोन तास चालू असला तर बोटाची साल निघते, हे मला तेरा वर्षांत तीनदा समजलेलं आहे. हा कोमट होता, पिऊन ठेवलेल्या चहाच्या कपासारखा. मी पुन्हा बोट लावलं, मग पूर्ण मूठ बल्बभोवती धरली. मूठ धरून उभी राहिले आणि हळूहळू सगळं डोक्यात शिरलं. उन्हाळ्यामुळे कपाळ तापतं की नाही हे समजायला मार्ग नव्हता. शेड इतकी खोल की बल्ब दिसतच नाही. आणि उजेड पिवळाच होता, अगदी तसाच पिवळा, मुद्दाम शोधून आणलेला.

"बाबा!"

ते दारात आले. माझी मूठ कुठे आहे ते त्यांनी बघितलं. आणि, मला हे अजूनही खरं वाटत नाही, त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला.

"कळलं नाही ना?" ते म्हणाले. "तीन महिने होत आले. पिवळ्या रंगातला एलईडी मिळतो, बाजारात कोणाला माहीतच नाही. तू रोज त्याच्याखाली बसलीस आणि तुला कळलंसुद्धा नाही."

"कळलं," मी म्हणाले. "माझे डोळे गेले असं कळलं."

त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला. 

"काल मी जेवताना सांगितलं तेव्हा तुम्ही काय ऐकत होतात?"

"जेवताना नाही, त्याच्याही आधी," ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही, हा त्यांचा आणखी एक ताप. "तू चष्मा करून आलीस ना, तेव्हाच मनात आलं की सांगावं. पण तिसरं बिल यायला आठ दिवस राहिले होते. दोन बिलं तू म्हणाली असतीस योगायोग. तीन बिलं आली की कोणाला काही बोलायला जागा राहत नाही."

असं पित्त खवळणं मी आयुष्यात अनुभवलेलं नाही. आठ दिवस! मी या माणसाच्या बिलासाठी आठ दिवस आंधळी होणार होते. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पण एक आठवतं. नोकरीत असताना रात्री येऊन मीटरमध्ये लोखंडाची पट्टी घालणाऱ्या लोकांच्या गोष्टी ते आम्हाला तावातावानं सांगायचे. त्यांना चोरापेक्षा तो माणूस नीच वाटायचा, कारण तो मोजमापच खोटं करतो. मी म्हणाले, "बाबा, माझं मोजमाप माझे डोळे आहेत. तुम्ही चोरून माझ्या मीटरमध्ये हात घातलात."

 ते आपल्या खोलीत गेले आणि कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना बल्ब घेऊन आले. कागदावर काढल्याची तारीख लिहिलेली होती. "लावतो," म्हणाले. ते स्टुलावर चढले. बल्ब फिरवताना आत बारीक टणटण आवाज आला, आम्ही दोघांनीही ऐकला. तार तुटली होती. जपून ठेवलेला बल्ब कपाटातच मेला होता. तसला दुसरा घरात नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच बाहेर पडले. विजेच्या सामानाची नऊ दुकानं फिरले, हे त्यांनीच नंतर सांगितलं. जुना बल्ब कुठेच मिळाला नाही. एका दुकानदारानं मात्र त्यांना अर्धा तास उभं करून शिकवलं की एलईडीतही प्रकार असतात; स्वस्तातल्या दिव्यात लाल रंगाचा उजेडच कमी असतो, त्यामुळे मरून आणि तपकिरी एकसारखे दिसू शकतात; आणि रंग खरे दाखवणारे दिवे वेगळे, थोडे महाग. चौतीस वर्षं वीज मोजलेल्या माणसाला ही गोष्ट वयाच्या सत्तरीत एका पोरगेल्या दुकानदाराकडून ऐकावी लागली. "वॅट बघितले, बाकी काही बघितलं नाही मी," ते म्हणाले. माझ्याकडे नाही, पंख्याकडे बघून.

तिथून ते परस्पर लाँड्रीवाल्यांकडे गेले.

हे मला समजलं ते संध्याकाळी, मी कोटाबद्दल विचारायला गेले तेव्हा. लाँड्रीवाले इस्त्री बाजूला ठेवून पुढे आले. डोळे पाणावलेले.

"ताई, असे सासरे नशिबानं मिळतात."

"म्हणजे?"

"काका येऊन गेले. म्हणाले, चूक सुनेची नाही, माझी आहे. मी दिवा बदलला म्हणून तिला रंग दिसला नाही. स्वतःच्या अंगावर घेतलं हो! मी म्हटलं, काका, दिव्यानं कधी मरूनचा तपकिरी होतो का? पण ऐकायलाच तयार नाहीत. या वयात सुनेसाठी खोटं बोलायला आले."

"ते खरं बोलत होते!"

"हो हो," ते हळुवारपणे म्हणाले. माझ्या मुलीला ताप आला की डॉक्टर जसे बोलतात तसे. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी दिवा, रंग, लाल उजेड, सगळं सांगितलं. जितकं सांगत गेले तितकी त्यांची मान सहानुभूतीनं हलत गेली. मला रडावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, त्यांची इस्त्री रस्त्यावर फेकावीशी वाटली. करणारा करून मोकळा झाला, वर सगळ्या गल्लीत देवमाणूस ठरला, आणि डोळे अधू ते माझेच. शेवटी मी म्हणाले, "कोट अजून इथंच आहे ना? एकदा द्या. नाही जमलं तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

त्यांनी कोट काढून दिला. "काकांकडे बघून देतोय हं," म्हणाले. "परवा संध्याकाळी बाई येणार आहेत."

घरी आले तर कोपऱ्यातल्या शेडमध्ये नवा दिवा लागलेला होता. भारीतला, रंग खरे दाखवणारा, खोक्यासकट पावती टेबलावर. चांगला होता तो दिवा, मी आज त्याच्याचखाली बसून कामं करते. पण तेव्हा मला जगातल्या कुठल्याही दिव्याचा भरवसा वाटत नव्हता. हा कोट मला दिवसाच्या उजेडात करायचा होता. आणि दिवसाच्या उजेडात बसून काम करता येईल अशी जागा आमच्या घरात एकच.

सकाळी मी कोट घेऊन पुढच्या खोलीत आले. गॅलरीत वारा होता, बारीक धागे उडत होते. सासरे खिडकीत बसले होते, पेपर उघडा, स्टुलावर होल्डर. मी त्यांना उठा म्हणून सांगणार नव्हते. मेले असते तरी सांगितलं नसतं. मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि त्यांच्या खांद्यावरून जो काही उजेड येईल त्यात धागा जुळवायला लागले.

दोन मिनिटांनी खुर्ची करकरली. त्यांनी पेपरची घडी केली. स्टुलावरचे होल्डर, स्क्रूड्रायव्हर, बटणं एक एक करून डब्यात भरली. खुर्ची उचलली, ओढली नाही, आणि मागच्या खोलीत माझ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. मग परत येऊन माझं टेबल एका टोकाला धरून उभे राहिले. दुसरं टोक मी धरलं. दोघांनी मिळून ते खिडकीपाशी लावलं. टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली त्यांनी चार घड्या करून नव्या दिव्याची पावती सरकवली.

"इथे वॅट लागत नाहीत," ते म्हणाले आणि आत गेले.

मला माफी हवी होती. एक शब्द, चुकलं, एवढाच. त्याऐवजी हे. मी दातओठ खात धागा ओवला. आणि खरं सांगायचं तर राग माझाही मला आला. ही खिडकी तेरा वर्षं इथेच होती. दुपारचे दोन तास मी जागा मागितली असती तर त्यांनी नाही म्हटलं नसतं कदाचित. मी कधी विचारलंच नाही. सासऱ्यांची खुर्ची आहे म्हणून बाजूनं केर काढत राहिले.

दोन दिवस लागले. तपकिरी धागा एक एक करून उसवला, आणि डब्यातल्या दोन मरून लडींचा एक-एक पदर मिळवून नवा धागा वळला. समोरच्या जिन्यातला दिवा दोन्ही दिवस चालू होता. मी मुद्दाम काही बोलले नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी कोट दारात नेऊन उन्हात फिरवला, उजवा कोपर बघितला, मग डावा, मग पुन्हा उजवा. "कुठे होतं भोक?" त्यांनी विचारलं. लाँड्रीवाल्यांनीही वाकून शोधलं. त्यांना सापडलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, "नवा चष्मा एकदम छान लागू पडला बघा, ताई!"

मी कपाळावर हात मारला. पण गठ्ठा घेतला. त्यात सहा नग होते.

आता मी दुपारी खिडकीत बसते आणि सासरे माझ्या जुन्या कोपऱ्यात. तिथे दिवसाही पेपर वाचता येत नाही. पहिले तीन दिवस मी त्यांना बघत होते. डोक्यावर भारीतला दिवा, आणि ते तो न लावता पेपर नाकाशी धरून बसलेले. दिवसा दिवा लावायचा नाही, हा त्यांनीच घातलेला नियम. मला वाटलं, बसू देत. बरं होईल, कळेल तरी काय असतं ते. चौथ्या दिवशी त्यांनी पेपर उलटा धरलेला दिसला. वाचतच नव्हते. नुसते बसले होते.

मी उठले आणि बटण दाबलं. भर दुपारी.

त्यांनी वर बघितलं. त्यांचा हात बटणाकडे गेला, अर्ध्या वाटेत थांबला. मग त्यांनी पेपर सुलटा केला आणि वाचायला लागले.

मी खिडकीत येऊन बसले. थोड्या वेळानं मीच समोर बघून ओरडले, "चालू आहे."

आतून बऱ्याच वेळानं आवाज आला, "असू दे."